खडूच्या नदीवर माशी कशी निवडावी: होतकरूंसाठी हंगामवार मार्गदर्शन

आधी उद्देश नक्की करावा. ट्राउट मासा खायचाच असेल, तर तो इंग्लंडातल्या विंचेस्टरच्या बाजारात साफ करून बर्फावर मांडलेला मिळतो. टेस्ट किंवा इचिन नदीच्या काठी जायचं ते योग्य माशी निवडायला. त्यासाठी नदीचा एक तुकडा दिवसभराच्या भाड्याने घेतात आणि ऐन हंगामात त्याचे शेकडो पौंड मोजतात. बऱ्याच ठिकाणी लागलेला मासा परत पाण्यात सोडायचा नियम आहे. तेव्हा साउदॅम्प्टनला नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाने काठावर उभं राहून ‘कालवण करावं की तळावा’ ही चर्चा काढू नये. सोबत्यांना मराठी कळत नसलं, तरी सूर कळतो.

माशी म्हणजे बारीक गळाला रेशीम, पिसं आणि लव गुंडाळून केलेला नकली किडा. गळाचे नंबर उलटे चालतात. 10 नंबर मोठा, 16 लहान आणि 22 नंबर चष्मा लावूनही बोटाला टोचल्यावरच सापडतो. नवखं गिऱ्हाईक दुकानाच्या दारातच ओळखू यावं, यासाठी ही पद्धत फार उपयोगी आहे.

आता नदी. हॅम्पशरच्या टेकड्या खडूच्या. पावसाचं पाणी त्यांत मुरतं, गाळलं जातं आणि झऱ्यांतून वर येतं. झऱ्यापाशी ते उन्हाळ्या-हिवाळ्यात साधारण दहा-अकरा अंश सेल्सियसच असतं. अशा नद्या जगात सुमारे 200 आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडातच. पाणी इतकं नितळ की तळाचं गवत मोजावं. गढूळ नदीत माणसाला ‘इथे मासाच नाही’ असं म्हणता येतं. इथे ती सोय नाही. मासा दिसतो. तो वर येतो, तुमच्या माशीखाली क्षणभर थांबतो, तिला नीट न्याहाळतो आणि खाली जातो. हे काठावरचे सगळे पाहतात.

हंगाम शिकण्याआधी इथलं सोवळं-ओवळं पाठ करावं. पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी सोवळ्यातली, पाण्याखाली जाणारी ओवळ्यातली. हे सोवळं घालून दिलं फ्रेडरिक हॅल्फर्ड या सुखवस्तू गृहस्थांनी, 1886 आणि 1889 सालच्या दोन ग्रंथांतून. त्यांच्या अनुयायांनी नंतर ते आणखी कडक केलं. मासा पृष्ठभागावर येऊन खाताना दिसला तरच माशी टाकायची, प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच टाकायची आणि तो ज्या किड्यावर तुटून पडलाय त्याचीच हुबेहूब नक्कल टाकायची. 1910 सालच्या पुस्तकात हॅल्फर्ड यांनी आपली यादी 33 माश्यांवर आणली, आणि तीतही एकाच किड्याचा नर वेगळा, मादी वेगळी. घास घेण्यापूर्वी ट्राउट ही चौकशी करतो की नाही, यावर त्याचं मत कुणी नोंदवलेलं नाही.

त्याच 1910 साली जी. ई. एम. स्क्यूज यांचं पुस्तक आलं आणि विटाळ झाला. स्क्यूज वकील, म्हणून त्यांनी पुरावा पाहिला. पकडलेल्या माशाच्या पोटात लांब चमचा घालून आतलं अन्न बशीत काढायचं आणि तपासायचं, अशी त्यांची रीत. बशीत निघायच्या त्या मुख्यतः पंख न फुटलेल्या, पाण्याखालच्या अळ्या. इंग्रज त्यांना ‘निम्फ’ म्हणतात. म्हणजे ट्राउट जन्मभर बहुतेक जेवण ओवळ्यातच करत आला होता. एवढ्या उघड्या पुराव्यावर सभ्य माणसं जे करतात तेच झालं. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर वादसभा भरली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते, आणि ज्या पाण्यावर त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं गळ टाकला होता, ते इचिनकाठचं ॲबट्स बार्टनचं पाणी त्यांनी त्याच वर्षी सोडलं. या वादातली पुढे रुळलेली तडजोड आजही अनेक ठिकाणी पाळली जाते. जूनअखेरपर्यंत फक्त कोरडी माशी, जुलैपासून निम्फ चालेल. 30 जूनच्या संध्याकाळी जे पाप असतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्य होतं. मासा दोन्ही दिवशी तोच, जेवणही तेच.

एप्रिलमध्ये नदीवर काळपट ऑलिव्ह रंगाचा मोठा किडा उडतो. त्यासाठी ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ बांधावी. 1854 साली ट्वीड नदीवर डरहॅमचे धर्मगुरू विल्यम ग्रीनवेल यांनी किडा पकडून दाखवला आणि स्प्राउस्टनच्या जेम्स राइट यांनी तो बघून माशी बांधली. बोटं राइटची होती, हे नाव वाचून लक्षात येणार नाही. महिन्याच्या मध्यावर ग्रॅनम येतो. याच्या मादीच्या शेपटीशी अंड्यांची हिरवी गोळी असते, ती गोळी तुमच्या माशीवर असलीच पाहिजे. 25 एप्रिल हा संत मार्क यांचा दिवस. त्या सुमारास हॉथॉर्नच्या झुडपांभोवती लांब लोंबत्या पायांच्या काळ्या माश्यांचे थवे दिसतात. या बिचाऱ्यांचा नदीशी काहीही संबंध नाही, वाऱ्याने त्या पाण्यात पडतात. सोवळ्यातले जुने लोक ही माशी वापरताना थोडे अवघडतात, पण वापरतात.

मे महिन्यात थंड, ओलसर, हात गारठवणारा दिवस उजाडला की ‘आयर्न ब्लू’ नावाचा चिमुकला निळसर किडा निघतो. याचा अर्थ असा की ट्राउटला सर्वांत आवडणारं हवामान म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला घरी राहावंसं वाटतं ते.

आणि मग मेफ्लाय. हिच्यासाठीच ते शेकडो पौंड. तळाच्या गाळात ही अळी सुमारे दोन वर्षं पुरून राहते. मेच्या उत्तरार्धात एका दुपारी वर येते, कात टाकते, पंख पसरून काठावरच्या झाडीत जाते आणि तिथे पंखांसकट पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा हा एकमेव कीटकवर्ग. मोठेपणी हिला खाण्याजोगं तोंडच नसतं. एक-दोन दिवसांत जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी सोडायची आणि पंख पसरून तिथेच पडायचं. एवढं मोठं, मऊ आणि पळून न जाणारं अन्न पाहिल्यावर वर्षभर संशयी असलेला ट्राउटही पथ्य सोडतो. या काळाला इंग्रज ‘ढ लोकांचा पंधरवडा’ म्हणतात, कारण तेव्हा कुणालाही मासा लागतो. ज्या दिवसांत सगळ्यांत कमी अक्कल लागते त्याच दिवसांचं भाडं सगळ्यांत जास्त असतं.

या पंधरवड्यात निवड सोपी आहे, म्हणून ती मुद्दाम अवघड करून घ्यावी. दुपारी हिरवट पंखांची, संध्याकाळी आडव्या पंखांची मेलेली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही पंखांच्या शिरांबद्दल बोलावं. एखादा पोरगा पुलाखालून सलग मासे काढत असेल, तर त्याची माशी कुठली, हे विचारू नये. तो सांगेल.

जूनमध्ये ‘टप्स इंडिस्पेन्सेबल’ जवळ असलीच पाहिजे. डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावचे तंबाखू दुकानदार आर. एस. ऑस्टिन यांनी ही गुलाबीसर, मलईच्या रंगाची माशी काढली आणि तिला नाव दिलं स्क्यूज यांनी. कृती बरीच वर्षं गुपित होती. तिच्यासाठीची लोकर मेंढ्याच्या वृषणावरून काढायची. ही लोकर पाणी धरत नाही म्हणतात. हा तपशील जेवणाच्या टेबलावर सांगू नये. आपल्याला तो माहीत आहे एवढं सुचवणारं मंद हसू मात्र साधून ठेवावं.

जुलैत केनिस निघतो. एवढा बारीक की त्याला ‘गळवाल्यांचा शाप’ म्हणतात. पाण्यावर ढगासारखा पसरलेला असतो, मासे चारीकडे तोंडं वर काढत असतात आणि तुमची 22 नंबरची माशी त्यांत कुठली, हे तुम्हालाही कळत नाही. संध्याकाळपर्यंत सावलीत बसावं, मग ब्लू-विंग्ड ऑलिव्ह बांधावी. अंधारात गाठ बसत नाही, ही अडचण सर्वमान्य आहे.

ऑगस्टमध्ये पंखांच्या मुंग्या. सप्टेंबरमध्ये गवतातून उडणारे ‘डॅडी’ नावाचे लंबटांगे किडे. पुढे विशेष काही नाही.

हिवाळ्यात ट्राउट बंद. तेव्हा दिव्याखाली बसून माश्या बांधायच्या. 1496 साली छापलेल्या इंग्रजी ग्रंथात, जो जुलियाना बर्नर्स नावाच्या मठाधिकारिणीच्या नावावर सांगितला जातो, बारा माश्या दिल्या आहेत, महिन्यांनुसार. तेवढ्यावर त्या काळचं भागत असे. आता पेटी भरत नाही तोवर झोप लागत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेची, टोकाला मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असलेली पिसं याच छंदापायी एके काळी विलायतेला जात. आता तो पक्षी कायद्याने संरक्षित आहे आणि विलायतेतले शौकीन त्याची पैदास तिकडेच करून पिसं मिळवतात. कोंबडा मात्र आपल्याकडे अजूनही पहाटे ओरडतो, यात इंग्रजांचा काही हात नाही.

पेटीचा एक कोपरा झाकलेला असावा. त्यात दोन गोष्टी. पहिली, विल्टशरमधल्या एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांची ‘फेझंट टेल’. फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, दोरासुद्धा नाही. पक्की ओवळी, आणि बहुधा जगात सर्वांत जास्त चालणारी निम्फ. दुसरी, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी 1922 साली बांधलेली ‘ॲडम्स’. ही करडी माशी नेमकी कुठल्याच किड्यासारखी दिसत नाही आणि थोडीथोडी सगळ्यांसारखी दिसते. एप्रिल ते सप्टेंबर कधीही चालते. तिचा उल्लेख करू नये.

मासा लागलाच, तर शांतपणे सोडावा आणि काठावरच्या झोपडीतल्या नोंदवहीत लिहावं. तारीख, जागा, वजन, माशी. माशीच्या रकान्यात ‘ॲडम्स’ कधीही लिहायचं नाही. एप्रिल असेल तर ऑलिव्ह, जून असेल तर टप्स, ऑगस्ट असेल तर मुंगी. आणि गळाचा नंबर खऱ्यापेक्षा दोनाने वाढवून लिहावा.