अर्धा वाघ, पूर्ण रोही

उधळ्या माणसाला वर्धा जिल्हा मानवत नाही. दारू इथे १९७५ पासून बंद. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हाची त्यांची अट प्रसिद्ध आहे: झोपडीला पाचशे रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान आसपास मिळेल तेच वापरा. तिकडे धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा. त्यांच्या शेजारी बसवलं तर गांधीजीही संसारी वाटतील. अशा जिल्ह्यात माझी सासुरवाडी आहे. जावयाला इथे मान भरपूर, पण जावयाच्या खरेदीकडे लोक डोळे बारीक करून बघतात.

खरेदी म्हणजे एक लेन्स. मिररलेस कॅमेऱ्याला लागणारी कॅननची १००-४००, एफ/५.६ ते ८. वजन ६३५ ग्रॅम, किंमत पन्नास-साठ हजारांच्या घरात. दुकानदार हिला ‘परवडणारी’ म्हणतात. कुणाला, ते सांगत नाहीत. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ‘केवढ्याची?’ असं विचारलं तेव्हा बायकोने ‘साडेपाच’ एवढंच सांगून विषय तुरीच्या भावाकडे वळवला. साडेपाच काय, हे मामाजींनी आपल्या परीने ठरवलं, आणि तेवढ्यानेही ते बराच वेळ मान हलवत बसले. तिरकं ऊन अडवणारा हूड डब्यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, हे मी बोललोच नाही. सेवाग्रामच्या पाचशेच्या अटीत तो नुसता हूडसुद्धा बसला नसता.

टेलिफोटोत माणूस पैसे मोजतो ते लांबीचे नव्हे, उजेडाचे. ४०० मिलिमीटरला एफ/८ म्हणजे उजेडाला आत यायला जेमतेम ५० मिलिमीटरची वाट. जंगलात दिसणाऱ्या बड्या ६०० एफ/४ लेन्सला हीच वाट १५० मिलिमीटरची असते. सेन्सरवर पडणारा उजेड माझ्या चौपट, वजन तीन किलोच्या वर आणि किंमत दहा लाखांच्या पलीकडे. थोडक्यात, ते लोक उजेड विकत घेतात आणि आम्ही सूर्याच्या दयेवर जगतो. पण सूर्य ही एक गोष्ट विदर्भात कुणाला मोजून दिली जात नाही. माझी लेन्स वर्ध्यासाठीच जन्मली आहे, असं मला फेब्रुवारीत तिथे उतरताना वाटत होतं.

पहिला मुक्काम अर्थातच सेवाग्राम. सोबत मेहुणा. हा गडी नागपुरी तर्री-पोह्यांनंतर तासभर कशालाही तयार असतो. बापूकुटी माती-बांबूची, कौलारू, बसकी. तिच्यात मावेना इतकी माझी लेन्स लांब. १००ला आणली तरी माझ्या कॅमेऱ्याचा छोटा सेन्सर तिला १६० करून टाकतो. कुटीचा दरवाजा आला की छप्पर जातं, छप्पर आलं की दरवाजा जातो. मी मागे सरकत गेलो. गांधीजींनी लावलेला पिंपळ आला, त्याच्याही मागे गेलो. तोवर मध्ये एक शाळेची सहल आली, एक सायकल आली आणि कपाळाला हात लावून मेहुणा आला.

“भाऊजी, अजून मागं गेले तं वर्धा स्टेशन लागन.”

शेवटी कुटीच्या खिडकीच्या गजांचा तेवढा फोटो मिळाला. अपरिग्रहाचा फोटो म्हणून तो वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी नीलपंख. वर्धेकरांनी काही वर्षांपूर्वी चक्क मतदान घेऊन शहराचा पक्षी निवडला, त्यात हा निवडून आला. निवडून आल्यानंतरही तो जागेवर सापडतो, हे विशेष. सेलूच्या रस्त्याला विजेच्या तारेवर बसलेला असतो. बसलेला असताना तपकिरी, काहीसा कंटाळलेला. उडाला की दोन्ही पंखांत असा निळा रंग उघडतो की मोटारसायकलवाले वळून बघतात. अडचण हीच की तो निळा रंग उडतानाच दिसतो, आणि उडणारा पक्षी पकडायला सेकंदाचा दोनहजारावा भाग तरी हवा. मिररलेसचं एक बरं असतं. पक्ष्याचा डोळा तो कॅमेरा स्वतः शोधतो आणि त्यावर चौकट लावून बसतो. माझ्या कॅमेऱ्याने नीलपंखाचा डोळा शोधला, मग खांबावरच्या चिनीमातीच्या चिमणीचा शोधला आणि शेवटी मेहुण्याचा शोधून तिथेच मुक्काम केला.

गणित सोपं आहे. ४००ला वीस मीटरवरून माझ्या चौकटीत साधारण एक मीटर रुंदीचं जग मावतं. नीलपंख फूटभराचा. म्हणजे चौकटीत पक्षी एक भाग आणि महावितरण दोन भाग. जवळ जावं तर तो पुढच्या खांबावर. असे आम्ही खांबाखांबाने हिंगणीच्या दिशेने सरकत होतो. दुपारी एका नांगरलेल्या काळ्या रानापलीकडून तो छान उन्हात मिळाला. एफ/८ला पाहिजे तेवढा उजेड, हात स्थिर, फोकस डोळ्यावर. घरी मोठं करून पाहिलं तर पक्षी पाण्याखाली बसल्यासारखा हललेला. तापल्या जमिनीवरची गरम हवा वर चढताना प्रकाश वाकवत राहते, आणि मधलं अंतर जितकं जास्त तितकी तिची करामत जास्त. यावर कुठल्याही किमतीच्या लेन्सकडे इलाज नाही. दहा लाखवाल्यालाही अकराच्या आत घरी जावं लागतं. त्या दुपारी इतका समाजवाद मला दुसरीकडे कुठे भेटला नाही.

आता बोर. बोर अभयारण्य १९७०चं. २०१४ साली त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा १३८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. इथेही काटकसर. पण ताडोबा, पेंच, मेळघाट या मोठ्या जंगलांच्या मधोमध असल्याने ये-जा करणाऱ्या वाघांचा हा थांबा आहे, आणि वर्ध्याचा माणूस ताडोबाचं नाव निघालं की एवढी एकच गोष्ट सांगून गप्प बसतो.

जिप्सीच्या दांड्यावर लेन्स टेकवायला बीनबॅग लागते. ती मेहुण्याने आदल्या रात्री स्वतः शिवली आणि आत सरकी भरली. कापसाच्या जिल्ह्यात सरकीला तोटा नाही, वजनाला भारी, हवा तसा आकार घेते. कल्पना बिनतोड होती. फक्त सरकी हे गाईचं आवडतं खाणं आहे, आणि पहाटे चहाला थांबलो तेव्हा टपरीशेजारी एक गाय होती. तिने आधी पिशवी हुंगली. मग शिवण उसवली. गाईच्या तोंडातून पिशवी सोडवताना मेहुणा गाईला ‘माय, सोड ना वं’ म्हणत होता आणि टपरीवाला कुणाच्याच बाजूने नव्हता. अर्धी पिशवी परत मिळाली.

गेटवर आमच्या पुढच्या जिप्सीत एक पाहुणे होते. नाव विचारलं नाही, मनातल्या मनात ‘सहाशेवाले’ ठेवलं. अंगावर पानापानांचे कपडे, लेन्सलाही तसलंच अंगडं. माझ्या लेन्सकडे पाहून ते हसले नाहीत. ‘हलकी असेल ना?’ एवढंच म्हणाले. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पहाटेचं सागवान, उजेड नावापुरता. सेकंदाचा पाचशेवा भाग धरला तर आयएसओ १२८००वर जाऊन बसला, आणि चितळांच्या अंगावर ठिपक्यांपेक्षा नॉइज जास्त. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझ्या हाताची थरथर थांबवतं. चितळाची नाही, आणि जिप्सीच्या इंजिनाची तर मुळीच नाही. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचो, तो बंद करायचा, आणि नेमकं तेव्हा चितळांना कामं आठवायची.

एका वळणावर वानर खोकलं. गाइडने बोट वर केलं. “कॉल हाये.” सगळे गप्प. थांबलो. थांबून राहिलो. मग मला जिप्सीच्या कडेला एक कोळी जाळं विणताना दिसला. ही लेन्स मीटरभरावरून चांगलं मोठं चित्र देते, हा तिचा गुण फार लोकांना माहीत नाही. किंमत लपवताना बायकोने तो सांगायला हवा होता. मी कोळ्यात रमलो. गाइडला ते सहन झालं नाही.

“साहेब, पैसे वाघाचे भरले तुमी. कोळी तं घरीबी असन.”

आणि वाघीण आली. मागून, पुढून, कुठून ते कळलंच नाही. सागाच्या वाळक्या पानांवर आवाज न करता दोन जिप्सींच्या मधल्या रस्त्यावर ती उभी होती, आठेक मीटरवर. बोरची कतरिना नावाची वाघीण प्रसिद्ध आहे. गाइड पुटपुटला की ही तिच्याच खानदानातली. खानदान बघायला माझ्याकडे वेळ नव्हता. आठ मीटरवर ४००ची चौकट अर्ध्या मीटरहूनही लहान, तिच्यात नुसते पट्टे. मी झूम फिरवत फिरवत १००ला आणला. तिथे चौकट झाली पावणेदोन मीटरची. वाघीण नाकापासून शेपटापर्यंत अडीच मीटरांहून जास्त. पैशाची टंचाई मला सवयीची आहे; वाघ जास्त झाल्याचा प्रसंग पहिलाच. नाक, मिशा, पुढचे पाय आणि निम्मं पोट, इतकं आलं. बाकीची वाघीण चौकटीबाहेर चालत राहिली आणि झुडपात गेली.

पुढच्या जिप्सीत सहाशेवाले स्क्रीनकडे बघत होते. त्यांना मिळाला होता एक कान आणि एक डोळा. पण काय कान होता! केस न् केस मोजावा. त्यांनी माझा फोटो पाहिला आणि पहिल्यांदा सरळ बोलले, “तुमच्यात निदान वाघ आहे हे कळतं.” आमची मैत्री तिथेच झाली. दोघांचे फोटो जोडले असते तर दोन तृतीयांश वाघीण सहज भरली असती.

घरी बायकोने फोटो पाहून विचारलं, “उरलेली कुठाय?” मामाजींना मात्र वाघाचं कौतुक नव्हतं. त्यांनी लेन्स हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि मुद्द्याचं विचारलं.

“हिच्यातून रोही दिसन का जी?”

मामाजींचं वावर जंगलाच्या कडेला. हरभरा घाट्यावर आला होता आणि रात्रीतून रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप येऊन तो साफ करत होता. नुकसानभरपाईच्या अर्जाला फोटो जोडला तर बरं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी, मेहुणा आणि उरलेली सरकी मचाणावर. गाय नव्हती, आधी खात्री केली होती.

उजेड आल्यावर रोही आले. एक निळसर नर सरळ तीसेक मीटरवर येऊन चरू लागला, आणि त्याच्यामागून सूर्य वर आला. आयएसओ ८००, सेकंदाचा हजारावा भाग. स्वस्त लेन्स आयुष्यभर ज्या उजेडाची वाट बघते तो हा. मी चौकट मानेपासून वर धरली. पापण्या स्पष्ट, कानाच्या कडेला सोनेरी रेघ, तोंडात एक हिरवी काडी, मागचं सगळं मऊ, विरघळलेलं हिरवं. असा फोटो मला यापूर्वी जमला नव्हता. मामाजींनीही तो पाहून “वा जावईबापू” म्हटलं. मोठी प्रिंट काढून आणली.

पंचनाम्याला आलेल्यांतल्या एकाने प्रिंट दोन्ही हातांनी धरली, लांब नेली, जवळ आणली.

“रोही झकास आला. पन हरभरा कुठं हाये?”

मी मागच्या मऊ हिरव्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. “हे तं काहीबी असू शकते.”

मेहुण्याने पटकन आपल्या मोबाइलवर तुडवलेल्या वावराचा फोटो काढून पुढे धरला. काडीपासून धुऱ्यापर्यंत सगळं लख्ख.

“हां. ह्याच्यात हरभरा हाये. त्याच्यात रोही हाये.” त्यांनी दोन्ही शेजारीशेजारी धरून पाहिलं. “पन हा रोही ह्याच हरभऱ्यातला कशावरून?”

मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टोपी सारखी करत म्हणाले, “ठीक हाये. उद्या येतानी आधार कार्ड घेऊन ये म्हनतो त्याले.”