राखाडी, राखाडी की राखाडी?

बुटीबोरीत वर्धा रोडच्या आसपास प्लॉट घेतला की माणूस आधी बोअरचं पाणी बघत नाही, एलिव्हेशन बघतो. 30 बाय 50 चा प्लॉट, एकच मजला, दोन बेडरूम. आमच्या शेजाऱ्यांनी परवा तीन रंगीत प्रिंट पुढ्यात टाकले. एकात कोळशासारखा राखाडी, दुसऱ्यात तोच राखाडी लाकडी पट्ट्यांसह, तिसऱ्यात राखाडीच, पण भोवती लाल चौकट. निवडा म्हणे!

"भाऊ, पांढरा काहून नाही?"

"पांढरा जुना वाटते ना जी."

चित्रात आभाळ निळंशार, अंगणात लॉन. मे महिना काढायला कलाकार विसरला. इकडे पारा 45 ओलांडतो तेव्हा गडद भिंत ऊन पिऊन घेते आणि रात्री घरातल्यांना वाटते; चुन्याची पांढरी भिंत त्यातलं बरंचसं दारातूनच माघारी धाडते. एकमजली घरात तर तापलेला स्लॅब थेट डोक्यावर. जाड मातीच्या भिंती अन् कवेलूचं छप्पर घालणाऱ्या आजोबांना हे ठाऊक होतं. एलिव्हेशन तेवढं ठाऊक नव्हतं.

खिडक्यांवर छज्जे नाहीत, मॉडर्न लाइनला आडवे येतात. पश्चिमेला मात्र जमिनीपासून स्लॅबपर्यंत काच. आणि कूलर? तो तिन्ही चित्रांत कुठेच नाही.

शेवटी राखाडी ठरला. कूलरसाठी पश्चिमेची काच कापून लोखंडी स्टँड बसणार आहे. स्टँडला रंग राखाडीच.