लिपिकाराचा अपराध

काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात. खरं आहे. त्याच न्यायाने काळ्या दगडावरची चुकीची वेलांटीही पुसत नाही. समाजमंदिर, पाण्याची टाकी, बसथांबा, सार्वजनिक शौचालय, कुठेही जा, कोनशिला असतेच आणि 'भूमिपूजन' बहुतेक ठिकाणी 'भूमीपूजन' होऊन बसलेलं असतं. 'आशीर्वादा'तली वेलांटी हमखास ऱ्हस्व. 'स्मरणार्थ'मधला रफार तर पंगतीत पाट न मिळालेल्या पाहुण्यासारखा कधी 'ण'च्या डोक्यावर जाऊन बसतो, कधी जेवल्यावाचूनच निघून जातो.

एका बागेच्या फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला आहे. सोनेरी अक्षरं, कडेला वेलबुट्टी. सर्वांत मोठ्या टायपात 'उद्यानाचे उदघाटन'. 'द' चांगला पायमोकळा, अख्खा. त्याखाली 'शुभहस्ते', मग 'प्रमुख उपस्थिती', मग 'विशेष उपस्थिती', मग नुसतीच उपस्थिती. नावं डझनभर तरी असतील, पण एकाही आडनावात काना-मात्रेची चूक नाही. 'मा.' पुढचं टिंबसुद्धा कुठे सुटलेलं नाही. म्हणजे मजकूर तपासला गेला होता, आणि अगदी डोळ्यांत तेल घालून. फक्त ज्याने त्याने आपापली ओळ तपासली. 'उद्घाटन' कुणाचंच आडनाव नसल्यामुळे ते पोरकं राहिलं.

ही काही आपलीच मिरास नव्हे. वॉशिंग्टनमधलं लिंकन स्मारक 1922 साली लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या भिंतीवर लिंकनचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण कोरलेलं आहे. त्यात 'फ्यूचर' या शब्दात 'एफ'च्या जागी 'ई' पडला. मागाहून खालची आडवी रेघ बुजवली, तरी निरखून पाहणाऱ्याला ती आजही दिसते. पण त्यांचं एका रेघेवर भागलं. आपल्या ऱ्हस्व वेलांटीला दीर्घ करायचं तर अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यावी लागते. ग्रॅनाइटमध्ये तेवढी सरकायला जागा कुठून आणणार?

जुन्या दगडांना मात्र थोडी सूट द्यायला हवी. एखाद्या धर्मशाळेवर 'नांव', 'गांव' दिसलं की हसू नये. ते अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी काढून टाकले, त्याआधी ते हक्काने बसत होते. दगड बरोबरच होता, नियम मागाहून बदलले.

या बाबतीत सर्वांत शहाणा निघाला तो सम्राट अशोक. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी त्याने आपल्या चौदाव्या शिलालेखात सांगून ठेवलं की, काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असेल, आणि त्याच्या कारणांत एक कारण दिलं, लिपिकाराचा अपराध. याच लेखमालेचे तुकडे आपल्या सोपाऱ्यातही सापडले आहेत. दगडावर चूक राहू शकते, हे दगडावरच कोरून ठेवणारा राज्यकर्ता विरळाच! खापर मात्र त्यानेही कोरणाऱ्याच्याच माथी फोडलं. ती प्रथा अजून चालू आहे.

वास्तविक कोरणारा समोरच्या कागदाबरहुकूम कोरतो. हल्ली तर यंत्र कोरतं, त्यामुळे चूकही अगदी सुबक उतरते. अपराध असेल तर तो कागद मंजूर करणाऱ्यांचा. साहेबांचं आडनाव चुकलं तर दगड रातोरात बदलतो. भाषा चुकली तर कुणाचं काही अडत नाही, कारण तिचं नाव निमंत्रितांच्या यादीत नसतं.

तेव्हा कोनशिला बसवणाऱ्या तमाम मंडळींना एकच विनंती. मजकूर दगडावर चढण्याआधी तो अशा एखाद्या माणसाला वाचायला द्या, ज्याचं नाव त्या दगडावर नाही.