दहा बाय दहातला बेस

मिक्सिंग करणाऱ्या माणसाने नवे स्पीकर घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. हे मत नवे स्पीकर घेतल्यानंतरचं असल्यामुळे घरात त्याला कुणी किंमत देत नाही.

माझे जुने स्पीकर चार इंची वूफरचे आणि स्वभावाने गोड. काहीही लावा, छानच वाजायचं. गायकाचा उसासा, टाळांचा कर्कशपणा, तानपुऱ्यामागे घुमणारा पंखा, सगळ्यावर ते मायेने पांघरूण घालत. मग आठ इंची नवे आले. पंगतीतून उठता उठता ‘मठ्ठ्यात मीठ कमी होतं’ म्हणणारा एक मामा प्रत्येक लग्नात असतो. तसे दोन मामा आता माझ्यापासून जेमतेम मीटरभर अंतरावर, माझ्याकडेच तोंड करून बसले आहेत. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीला यावा, असं शास्त्र आहे. म्हणजे नजर चुकवायचीही सोय नाही.

एका बाबतीत मात्र मामा गप्प होते. स्पीकर ४० हर्ट्झपर्यंत खाली उतरतात असं खोक्यावर छापलेलं, आणि माझ्या खुर्चीत बेस औषधालासुद्धा नाही. तो खालच्या मजल्यावर होता. “अहो, तुमच्या घुंघुंने आमच्या मांडणीवरची वाटी चालत कडेला येते,” असं सांगायला खालचे काका जिना चढून आले. मला त्यांचा हेवा वाटला. एवढा स्वच्छ बेस, आणि तोही फुकट.

दोष खोलीचा होता. आमची खोली दहा बाय दहा, उंचीही जवळपास तेवढीच. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये अडकतो. भिंतीशी तो दणदणतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. बेस गिटारच्या ‘ए’ तारेचा खुला सूर ५५ हर्ट्झचा, आणि माझी खुर्ची बरोबर मध्यावर. इथे लांबी, रुंदी आणि उंची तिघींनी मिळून त्याच सुराविरुद्ध कट केलेला. जुन्या स्पीकरांना हा सूर धड वाजवताच येत नव्हता, म्हणून इतकी वर्षं खोलीची अब्रू झाकलेली राहिली.

“अंड्यांचे ट्रे लाव भिंतीला,” भाच्याने सुचवलं. हा सल्ला देणाऱ्याला सुराची लांबी माहीत नसते. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटरच्या आसपास भरते. पुठ्ठ्याचा ट्रे तिला काय अडवणार? त्यापेक्षा जाड गाद्या बऱ्या, म्हणून घरातल्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. फरक पडला, थोडासाच. पण चुलत आत्या मुक्कामाला आल्या आणि आईने माझं ध्वनिशास्त्र एकेक करून जमिनीवर अंथरलं.

अशा वेळी मी यामाहाच्या एनएस-१० ची आठवण काढतो. १९७८ साली हे स्पीकर घरात गाणी ऐकण्यासाठी बाजारात आले आणि शौकिनांनी नाकं मुरडली. तरी पुढे जगभरच्या स्टुडिओंत त्यांचे पांढरे वूफर दिसायला लागले. त्यांचा वरचा सूर इतका टोचायचा, की लोक ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत. बॉब होडास या अभियंत्याने तर कुठल्या कागदाने काय फरक पडतो याची रीतसर मोजमापं घेतली. माणसं चंद्रावर जाऊन आल्यानंतरची ही गोष्ट आहे. २००१ मध्ये उत्पादन थांबलं तरी लोक जुन्या जोड्या जपून वापरत राहिले, कारण इथे टोचलं नाही तर बाहेर कुठे टोचणार नाही, हे त्यांच्या कानांत मुरलं होतं.

कानात मुरवायचं म्हणजे पाठ असलेली गाणी पुन्हा पुन्हा ऐकायची. मी ‘सैराट’ लावला. त्यातला वाद्यवृंद अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झालाय, त्यामुळे व्हायोलिनं कुठे बसावीत आणि ढोल किती पुढे यावा याचा त्याच्याइतका ओळखीचा मापदंड माझ्याकडे दुसरा नाही. हे सगळं मी बायकोला समजावलं. “म्हणजे आज पण काम नाही,” ती म्हणाली. रात्री आवाज बारीक करून बसलो, तर फ्लेचर आणि मन्सन आडवे आले. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात, हे या दोघा शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मांडून ठेवलंय. रात्री भरलेला बेस सकाळी काकांना पुन्हा जिना चढायला लावतो.

आता मला खोलीचा नकाशा पाठ झालाय, आणि त्याचा धंद्यात उपयोगही होतो. परवा अभंग ऐकायला बुवा आले. “बेस जरा वाढवा,” म्हणाले. मी त्यांची खुर्ची मागच्या भिंतीला, कपाटाशी सरकवली आणि तेच पुन्हा वाजवलं. “हां, आता कसं!” त्यांच्या चिरंजीवांना बेस जास्त वाटत होता, त्यांना मधोमध माझ्या जागी बसवलं. दोघांनी एकाच वेळी माना डोलावल्या. फेडर होता तिथेच होता.

मग तबलजी आले. त्यांना प्रत्येक जागेवरून तबलाच कमी ऐकू येतो. त्यांच्यासाठी खुर्ची कुठे ठेवावी, हे अजून सापडलेलं नाही.