दहा दिवसांत द्राक्षं

"सरपंचाचं आणि त्या गाईगुरं विकणाऱ्या बाईचं काहीतरी आहे गं," काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून आवाज खाली आणला. "उगाच नाही म्हणत मी. त्याची जांभळी चड्डी तिच्या खोलीत सापडली."

"अगं बाई! कुणाला?"

"मलाच. आत जाऊन उचलली. आधी तिच्याशी ओळख वाढवावी लागते पण, त्याशिवाय खोलीचं दार उघडत नाही."

आमच्या काकू सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, माहेर निफाड तालुक्यातलं. तेव्हा सरपंच म्हटलं की आधी गोदाकाठचंच एखादं गाव डोळ्यांपुढे येणार. पण हे गाव पेलिकन टाउन, आणि ते 'स्टारड्यू व्हॅली' नावाच्या गेममध्ये आहे. नातवानं दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या टॅबवर तो टाकून दिला आणि पुण्याला निघून गेला. आता रात्री मालिका संपल्या की काकू त्या गावात राहायला जातात. आजोबांनी ठेवलेली पडीक जमीन, मोडकी खोली, हातात कुदळ आणि झारी, अशी सुरुवात आहे. शेताला नाव द्यायचं असतं. काकूंनी 'माहेर' दिलंय.

"बाकी गाव कसं आहे?" मी विचारलं. कपडे वाळत घालायचे होते, पण सरपंचाचं ऐकल्यावर कुणाला सुचतंय.

"गावासारखं गाव. बस बंद पडलीय, तर ड्रायव्हरबाई रोज संध्याकाळी गुत्त्यात बसलेली. बियाण्याचं दुकान बुधवारी बंद, आणि मला बी नेमकं बुधवारी आठवतं. त्या गुरंवालीचं तर विचारूच नकोस. गाय घ्यायला जावं तर बाई गल्ल्यावर नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. घरातच असते, दिसते मला, पण गिऱ्हाईक आलंय म्हणून चार पावलं बाहेर यायची नाही."

"सरपंचाची वाट बघत असेल."

"तेच म्हणते मी!"

मग शेताचा विषय निघाला. तो निघणारच होता. द्राक्षबागायतदाराची लेक खोट्या शेताबद्दल किती वेळ गप्प बसेल? त्या गेममध्ये चार ऋतू आहेत आणि प्रत्येक २८ दिवसांचा. एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं. त्यामुळे "एवढा दिवस संपवते आणि पानं घेते" हे वाक्य काकांनी इतक्यांदा ऐकलंय की आता ते स्वतःच कुकर लावतात. ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक उभ्याउभ्या वाळतं. बुजगावणं नसेल तर कावळे नासधूस करतात. इथवर काकूंची काही तक्रार नाही. तक्रार द्राक्षांची आहे.

"दहा दिवसांत द्राक्षं! साठ मोजून रोप आणलं, लावलं, पाणी घातलं, दहाव्या दिवशी तोडा सुरू. मग दर तीन दिवसांनी पुन्हा. अगं, आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि मग चार महिने जीव टांगणीला. दव पडलं की डावणी, ढग आले की भुरी. निफाडला पारा उतरला की बापू पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचे, मणी तडकू नयेत म्हणून. इथं काय तर झारी!"

"खोटंच आहे ना पण ते."

"खोटं असू दे. अंदाज तरी असावा की नाही माणसाला? मांडव रोपाबरोबर फुकट येतो. अँगल नाही, तार नाही, मजूर नाहीत."

हे बोलता बोलता त्यांनी हळूच सांगून टाकलं की पहिल्या खेपेला बाग एकगठ्ठा लावली आणि ओळींमधून फिरायला जागाच ठेवली नाही. मांडवातून आरपार जाता येत नाही तिथं. कडेचे घड हाती आले आणि मधले तिथंच. लासलगावहून त्यांचा भाऊ आला होता, त्यानं टॅब हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, बापू असते तर चाबूक काढला असता.

या भावाची गोष्ट मला सगळ्यात आवडली. हा माणूस कांदा पिकवतो. मोबाईलवर बाजारभाव आणि मुलीचे फोटो एवढंच बघतो. तो चहा पिता पिता काकूंच्या शेताची चौकशी करायला लागला.

"माल कुठं नेते?"

काकूंनी दाखवलं. दारात एक पेटी आहे. संध्याकाळपर्यंत माल त्यात टाकायचा, झोपायचं, रात्री सरपंच येऊन घेऊन जातो आणि सकाळी पैसे जमा.

"पट्टी देतो?"

देतो म्हणे. झोपलं की पडद्यावर सगळा हिशेब येतो, कशाचे किती.

"हमाली? तोलाई? वाराई?"

काही कापत नाही.

"आणि भाव?"

भाव ठरलेला. पांढऱ्या गाजरासारखं एक कंद आहे, पार्सनिप. त्याचं बी वीसला, माल पस्तिसाला, चार दिवसांत तयार. पहिल्या वर्षी तोच, पाचव्या वर्षी तोच. फुलकोबीचं बी ऐंशीला, गड्डा एकशे पंचाहत्तरला. कितीही पिकवा, आवक वाढली म्हणून भाव पडत नाही. आणि घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात ते खरं निघतं. पाऊस म्हणजे पाऊस. गारपीट नावाची चीजच नाही. भाऊ म्हणे बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कांदा कुठंय?"

कांदा नाही. हे मला काकूंकडूनच कळलं, आणि मी नंतर खात्री करून घेतली. लागवडीला कांदाच नाही त्या गेममध्ये. वसंतात शेताच्या दक्षिणेच्या रानात कांद्याची पात आपोआप उगवते, ती उपटून आणायची. तिचा भाव आठ.

"आठ म्हटल्यावर असा हसला गं," काकू सांगत होत्या, "म्हणाला, ताई, एवढं एक त्या माणसानं खरं लिहिलंय."

तो माणूस म्हणजे एरिक बॅरोन, अमेरिकेतला. चारेक वर्षं एकट्यानं बसून त्यानं हा गेम केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्ट त्याची, प्रोग्रॅमिंगही त्याचंच. २०१६च्या फेब्रुवारीत बाजारात आला आणि २०२४ संपेपर्यंत चार कोटींवर प्रती खपल्या. त्या चार वर्षांत तो सिएटलच्या एका नाट्यगृहात लोकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करायचा आणि घराचा बराचसा भार त्याच्या मैत्रिणीनं उचलला. मी हे कौतुकानं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "चार वर्षं तिनं सांभाळलं आणि सगळ्या पेपरात एकट्यानं केला म्हणून छापून आलं का?" निवृत्त बाई असल्या तरी उत्तरपत्रिका तपासायची सवय जात नाही.

इतक्यात आमचे चिरंजीव बॅग टाकायला आले. काकूंनी त्याला तिथंच धरलं. "तुझा तो गोळीबार चालू आहे की बंद?"

"बीजीएमआय चालू आहे, आजी."

"मध्ये बंद होता ना?"

त्यानं इतिहास सांगितला, आणि इतिहासाच्या पेपरात त्याला कधी आठवत नाहीत इतक्या तारखा सांगितल्या. २०२०च्या सप्टेंबरात पब्जी बंद, ११८ चिनी म्हणवल्या गेलेल्या ॲप्सच्या यादीत. २०२१च्या जुलैत नाव बदलून बीजीएमआय आला. २०२२च्या जुलैत तोही दुकानातून गायब. २०२३च्या मेमध्ये परत. आता अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास.

"आमच्या कांद्यासारखंच झालं तुझं," काकू म्हणाल्या. त्यांनाही तारखा पाठ होत्या. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क, डिसेंबरात निर्यातच बंद, पुढच्या मेमध्ये उघडली पण शुल्क तसंच, सप्टेंबरात वीस टक्के, आणि एप्रिल २०२५पासून शून्य. सत्तरीची बाई आणि सोळा वर्षांचा पोरगा भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना बंदीच्या तारखा ऐकवताहेत, हे दृश्य मी आधी पाहिलं नव्हतं. "बंदी आली की चाळीतला माल सडतो," त्यांनी त्याला समजावलं. त्यानं विचार करून सांगितलं की त्याचं काहीच सडलं नाही, तो तेवढे दिवस दुसरा गेम खेळला.

"शंभर जण उतरायचे, मारामारी करायची आणि शेवटी उरेल त्याला कोंबडी, असंच ना?"

"चिकन डिनर म्हणतात नुसतं. मिळत नाही काही."

"मग कशाला मरता?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं, तो आत गेला. माझं मत विचाराल तर त्या खेळात गोळीबारापेक्षा गप्पाच जास्त आहेत. चार मित्र कानात यंत्र खुपसून तासभर एकमेकांना शिव्या देतात, आणि आपल्याला वाटतं लढाई चाललीय. आमच्या दिवाणखान्यात ऐकू येणारी निम्मी वाक्यं क्लासच्या सरांबद्दल असतात.

आमच्याकडचा दुसरा खेळाडू म्हणजे यजमान. ते 'लुडो किंग'वाले. मुंबईकडच्या कंपनीचा, २०१६चा गेम, पण घरोघरी शिरला तो २०२०च्या टाळेबंदीत. तेव्हा यांनी तीन मित्रांबरोबर डाव मांडला तो अजून उठलेला नाही. चौघांचंही एकच मत आहे, की मोबाईलचे फासे समोरच्याला सहा देतात. चौघांनाही! मी एकदा म्हटलं, चौघांचा समोरचा कोण ते तरी ठरवा. राग आला. सोंगटी मारली गेल्याची आठवण माणूस वर्षभर बाळगतो आणि स्वतःला पडलेले सहा पुढच्या चालीला विसरतो, एवढाच त्यातला घोटाळा आहे असं मला वाटतं.

"पैसे लावून तर नाही ना खेळत?" काकूंनी विचारलं.

"छे हो. आता कायद्यानंच बंद झालंय ते." ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं कायदा केला, पैसे लावायचे ऑनलाइन गेम सगळेच बंद, नशिबाचे म्हणा की कौशल्याचे. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहातला तो व्हिडिओ फिरला होता, मोबाईलवर रमी दिसणारा. आपण खेळत नव्हतो, आलेला गेम बंद करत होतो, असं ते म्हणाले. महिना सरता सरता कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं आलं. तेव्हा या भिंतीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"ते शेतीतून खेळात गेले आणि मी खेळातून शेतीत," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी बहुतेक साठवून ठेवलं असावं.

मी माझ्या 'कँडी क्रश'चं फारसं सांगितलं नाही. पाच जीव, एक गेला की अर्ध्या तासानं भरून येतो. मला तो बरा वाटतो, कारण तो मला स्वतःहून हाकलतो आणि पोळ्या होतात. काकूंच्या मते त्यात गोष्ट नाही, माणसं नाहीत, लफडं नाही, म्हणून अर्थ नाही. गोष्ट हवी तर मुलीनं मला खेळायला लावलेला 'राजी' त्यांना सुचवला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा, २०२०चा. डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी असुरांशी लढत धाकट्या भावाला शोधते, दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलतात, मधली दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली. दिसायला इतका देखणा की मी मारामारी थांबवून भिंतींवरची चित्रं बघत बसायचे आणि मार खायचे. पण शेवट मात्र पान फाटल्यासारखा येतो.

"भाऊ सापडतो का?"

"खेळा आणि बघा."

"नको. सध्या मला वेळ नाही." काकू जरा घुटमळल्या. आतून काकांची हाक आली, त्यांनी ती ऐकली नाही. "लग्न ठरवतेय."

"नातवाचं?"

"माझं."

गावात लग्नाच्या वयाची बारा माणसं आहेत. आठवड्यातून दोनदा भेटवस्तू द्यायची, बोलत राहायचं, मन जुळलं की पुष्पगुच्छ, आणि अगदी जुळलं की एक निळं पदक. पदक मिळतं समुद्रकिनारी एका म्हाताऱ्याकडे, किंमत पाच हजार, आणि तो म्हातारा फक्त पाऊस असेल त्याच दिवशी येतो. काकूंनी सगळी स्थळं तपासली. एक तळघरात बसून सिगारेट ओढतो, एक केस फार विंचरतो, एक चांगला आहे पण पितो. गावच्या डॉक्टरावर येऊन थांबल्या.

"मिशा आहेत," त्या म्हणाल्या. "कॉफी दिली की खूश. स्वतःचा दवाखाना. वयानं जरा मोठा वाटतो, पण समजूतदार आहे."

"काकांना सांगितलंत?"

"त्यांनीच तर सांगितलं, डॉक्टर बघ, या वयात उपयोगी पडेल."

"आणि पाच हजार?"

"द्राक्षांची वाइन केली ना! पिंपात घातली की सात दिवस, भाव तिप्पट. भाऊ विचारत होता परवाना लागतो का, म्हटलं नाही लागत, तर उठून चालायला लागला." आतून दुसरी हाक आली. काकू भिंतीपासून निघाल्या, पण दोन पावलांवरून परत वळल्या. "उद्या पाऊस सांगितलाय टीव्हीवर, म्हणजे पदक उद्याच घेते. मागणी घातली की तिसऱ्या दिवशी लग्न असतं. रात्री साडेनऊला ये. हॉल नाही, केळवण नाही, आणि आहेर अजिबात आणू नकोस."

"साडी तरी कुठली नेसू?"

"गाऊन चालेल," म्हणाल्या, आणि कुकर बघायला आत गेल्या.