बसण्यापूर्वी वाचावे

मराठीत 'दारू प्यायची का?' असं कुणी विचारत नाही. 'बसायचं का?' असं विचारतात. हा प्रश्न ऐकून ज्यांना 'खुर्च्या तर दोनच आहेत' असं उत्तर सुचतं, त्यांनी ही मार्गदर्शिका इथेच मिटावी. ती बसण्याच्या शास्त्राचे जे गंभीर अभ्यासक आहेत आणि ज्यांना मुंबई-नवी मुंबईचं रात्रजीवन पद्धतशीरपणे पाहायचं आहे, त्यांच्यासाठी आहे.

मोहिमेचा तळ घणसोली गावात ठोकावा. घणसोली आणि घणसोली गाव यांत गल्लत करू नये. घणसोली म्हणजे सिडकोचे आखीव सेक्टर, तिथल्या टॉवरला वॉचमन असतो आणि तो रात्री एक वाजता आलेल्या माणसाची वेळ वहीत लिहितो. गाव म्हणजे त्या सेक्टरांच्या मधोमध तग धरून राहिलेलं आगरी-कोळ्यांचं गावठाण. इथे घरं इतकी जवळ की खिडकीतून हात लांबवून शेजारच्या घरातला पंखा बंद करता येतो. वही नाही, वॉचमन नाही. मात्र ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं आहेत आणि त्यांना वही लागत नाही. आम्ही इथे तिघं मिळून एक खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकीण काकूंनी एकच अट घातली, 'ओकायचं असंल त मोरीत.'

पूर्वतयारीत सर्वात महत्त्वाचा परवाना. महाराष्ट्रात आजही 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. म्हणजे आपल्याकडे मुळात दारूबंदीच आहे, बाकी जे दिसतं तो अपवाद. अपवाद अंमळ सुटलाय, इतकंच. पिणाऱ्याने परवाना बाळगावा असा नियम आहे, आणि 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आलेलं. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपये, देशीचा 2, वर्षाचा 100 आणि तहहयात 1000. हिशेब सरळ आहे: तहहयात परवाना घेणाऱ्याने दहा वर्षांहून जास्त तग धरला तरच तो वर्षाच्या परवान्यापेक्षा परवडतो. या परवान्यावरची भाषा आम्हाला फार आवडते. ही दारू आपण आपली प्रकृती राखण्यासाठी घेत आहोत, असा त्याचा मथितार्थ. बायकोला पटवून देताना आम्ही जे सांगत आलो, ते शासन केव्हापासून छापतंय.

वयाचंही पाहावं. बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षी, व्हिस्की-रम पंचविसाव्या. मुलाचं लग्नाचं वय मात्र एकवीस. म्हणजे लग्न झालं की पहिली चार वर्षं बिअरवर काढावी लागतात.

आता प्रत्यक्ष भ्रमण. सुरुवात खालच्या पायरीपासून करावी, वर चढायला सोपं जातं. पहिली पायरी 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. इथे बसायचं नसतं. उभं राहायचं, ग्लास एका दमात रिकामा करायचा, तोंड कडवट करायचं आणि चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून निघायचं. वेळ लागतो तो बेस्टच्या बसमध्ये सुटे काढायला लागतो तेवढाच. त्याच्या वरची पायरी वाइन शॉप. तिथे वाइन सोडून सगळं खपतं. गिऱ्हाईक जाळीतून हात आत घालतं, क्वार्टर काळ्या पिशवीत येते. ती पिशवी काळी का असते, हे कुणी सांगत नाही. पण रस्त्यावर काळी पिशवी दिसली की आत काय आहे हे प्रत्येकाला कळतं. पारदर्शक पिशवी दिली असती तर उलट संशय आला नसता.

मग येते परमिट रूम. या संस्थेवर जास्त वेळ घालवावा. कोपरखैरण्याच्या बाजूला आमची एक नेहमीची आहे. खाली नॉन-एसी, वर एसी. तीच क्वार्टर जिना चढली की महाग होते. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधार सरावायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यात वेटरने तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलेलं असतं. ही सोय आहे. भिंतीकडे तोंड असलेला माणूस ऑफिसातल्या कुणाला दिसत नाही आणि त्यालाही कुणी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांना 'काल लवकर झोपलो' असं सांगू शकतात. टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चालू असतं. स्टीलच्या वाटीत उकडलेले चणे येतात, वर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. मसाला पापड मागवलात तर तो आल्याबरोबर खावा. कांदा-टोमॅटोच्या ओझ्याखाली तो दोन मिनिटांत मऊ पडतो. तत्त्वचर्चा मागाहून करता येते. सुका बोंबील मिळाला तर पापडाचं नावही काढू नये.

वेटर 'साहेब, रिपीट?' असं विचारतो. याचं उत्तर तोंडाने देणारा नवखा समजावा. जुना माणूस हनुवटी किंचित खाली करतो. रिकाम्या क्वार्टरच्या बाटल्या टेबलावरून उचलू देऊ नयेत, बिलाच्या वेळी तोच एक पुरावा असतो. एकदा आम्ही त्या उचलू दिल्या आणि तिघांनी मिळून न प्यायलेल्या नाइन्टीचे पैसे भरले. ती नाइन्टी कुणाच्या नावावर होती, यावर आमच्या खोलीत आजही मतभेद आहेत.

संभाषणाचा क्रमही ठरलेला. पहिल्या पेगला बॉस, दुसऱ्याला गावाकडच्या जमिनीची वाटणी, आणि तिसऱ्या पेगला प्रत्येक मराठी माणूस नोकरी सोडून मिसळीचं हॉटेल काढतो. आमच्या टेबलावर आजवर अकरा हॉटेलं निघाली. त्यातली सात चौथ्या पेगला बंद पडली.

वाशीचं सेक्टर 17 आणि बेलापूरचं सेक्टर 15 यांना एकेक संध्याकाळ पुरते. तिथे रात्रजीवनाला 'लाउंज' म्हणतात आणि तुमच्या चपलांकडे पाहतात. डान्स बार हे प्रकरण इतिहासाच्या अभ्यासकांसाठी सोडावं: 2005 ची बंदी, मग न्यायालयं, 2016 चा कायदा, पुन्हा 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. एवढ्या घडामोडींत नाचणाऱ्या बायकांच्या पोटाचं काय झालं, हे मात्र कुठल्याच टेबलावर फारसं निघत नाही.

मग महानगर. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने वाशीला उतरावं, हार्बर पकडून सीएसएमटी, तिथून कुलाबा. तिथलं लिओपोल्ड कॅफे 1871 पासून उभं आहे. भिंतींवर 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. तिथे फोटो काढणाऱ्यांच्या रांगेत उभं राहू नये, गप बिअर प्यावी. जवळच कॅफे मोंडेगार. तिथल्या भिंतींवर मारिओ मिरांडांची माणसं तुमच्यापेक्षा जास्त मजेत असतात. ताजमधला हार्बर बार 1933 चा. आम्ही तिथे एकदा गेलो, मेनूकार्ड श्रद्धेने वाचलं, उजवीकडचा आकडा पाहिला आणि 'मित्र येतोय' असं सांगून निघालो. मित्र अजून यायचाय.

लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारातले पब वेगळ्या जातीचे. जिथे साचे चालायचे तिथे आता दारू मिसळणाऱ्या माणसाला 'मिक्सॉलॉजिस्ट' म्हणतात. तो काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून ग्लास समोर ठेवतो आणि घुमट उचलला की सगळे 'वॉव' म्हणतात. आमच्या गावात भाकरीच्या चुलीला याहून जास्त धूर येतो आणि काकू त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. पण एक गोष्ट तिथे गंभीरपणे करावी: आत शिरताच बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधून ठेवावा. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल्सच्या आवारात लागलेल्या आगीत 14 माणसं गेली.

परतताना गाडी चालवू नये. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय सकाळच्या पेपरात 'तळीरामांवर कारवाई' या मथळ्याखाली तुमचा समावेश होतो. हा तळीराम मूळचा 'एकच प्याला' या नाटकातला. 1919 साली ते रंगभूमीवर आलं. दारूने संसाराची राख कशी होते, हे गडकऱ्यांनी जीव तोडून दाखवलं. महाराष्ट्र रडला, डोळे पुसले आणि नाटकातून नेमका तळीराम घरी घेऊन आला. सुधाकर आणि सिंधू नाटकातच राहिले.

दिनदर्शिकेचा अभ्यास हवा. आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, 2 ऑक्टोबर, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, हे कोरडे दिवस. कोरड्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वाइन शॉपसमोरची रांग पाहून कळतं की भक्ती आणि तरतूद या दोन गोष्टी मराठी माणूस एकाच वेळी करू शकतो. आषाढ अमावस्येला तर बोलायलाच नको. दिव्यांची पूजा घरात आणि गटारी गच्चीवर. 14 जुलै 2025 ला करवाढीच्या निषेधार्थ बारमालकांनीच बार बंद ठेवले. त्या दिवशी आम्ही तिघांनी खोलीत एकमेकांकडे पाहत पोहे खाल्ले. नारळ कुठे ठेवलाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

इतकं फिरून झाल्यावर जिज्ञासूने घणसोली गावातच एका रात्री थांबावं. लग्नसराईत कुणाच्या तरी घरी हळद असतेच. आमंत्रण लागत नाही, गल्लीत राहता एवढं पुरतं. संध्याकाळी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तेव्हा अंगणात शांतता असते. मग डीजेच्या भिंती उभ्या राहतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा नियम आहे. तो मंडपात येतो, मटण-भाकरी जेवतो आणि निघून जातो. हळदीने पिवळा झालेला नवरदेव, त्याच्या डोक्यावर नोटा ओवाळणारे मामा, आणि सगळ्यांत पुढे नाचणारी सत्तरीची आजी, तिने मात्र चहाखेरीज काही घेतलेलं नसतं. कव्हर चार्ज नाही, चपलांकडे कुणी पाहत नाही आणि रिपीट न विचारताच येतं. अलीकडे आगरी-कोळी गावांत 'हळदीला दारू नको' असे ठराव होऊ लागलेत आणि बायकांचा त्याला भक्कम पाठिंबा आहे. तेव्हा हे प्रकरण अभ्यासक्रमात किती दिवस राहील, सांगता येत नाही.

शेवटी परतीची पायरी, सर्वात अवघड. शेवटची लोकल चुकली तर पहिलीने यावं. पहाटे गल्लीत शिरताना पाठीवरची बॅग पुढे घ्यावी, म्हणजे कंपनीत नाइट शिफ्ट करून आल्यासारखं वाटतं. बडीशेप आधीच चघळलेली असावी. पायऱ्या मोजून चढाव्यात, तिसरी फुटकी आहे.

हे सगळं पाळून आम्ही परवा पहाटे पाचला दाराशी पोचलो. काकू ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

'काय रं बाला, कामावरना आलास?'

'हो काकू. नाइट होती.'

'बरा. भाकर हाय ती घे.' कोळंबीचं डोकं त्यांनी ताटलीत टाकलं. 'आनि बरीशेप जराशीच खावाची. मूठभर खाल्ली का मानसाला कलतं.'