आधी अंग, मग मन

21 दिवसांत सवय लागते, असं हल्ली जो तो सांगतो. शाळेच्या बक्षीस समारंभाला आलेला पाहुणा सांगतो, जिमवाला सांगतो, मोबाइलवरचा व्याख्याता तर पहाटे पहाटे ओरडून सांगतो.

मोजलं कुणी?

कुणीच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होता. नाक दुरुस्त करून घेतलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान 21 दिवस लागतात, असं निरीक्षण त्यानं 1960 च्या पुस्तकात नोंदवलं. पुढच्यांनी त्यातलं ‘किमान’ गाळलं, मग नाकही गाळलं. उरलेल्या आकड्यावर शिबिरं भरू लागली.

खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावली. ती अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा निघाला 66 दिवस. कुणाचं 18 दिवसांत भागलं, कुणाला 254 लागतील असा हिशेब आला. पाण्याचा पेला पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची रेंगाळली. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

शेवटचं वाक्य पोरांना कुणी सांगत नाही. एक दिवस बुडाला की पोरगं समजतं, सगळंच बुडालं.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या पोराला तर हे सगळं लंडनहून कळायची गरज नव्हती. ज्या गावात पेठेगणिक तालीम आहे, त्या गावाला शिस्तीचं शास्त्र बाहेरून आणावं लागतं, हेच मुळात खटकतं.

तालमीत काय असायचं? अंधारात उठायचं. कुस्तीच्या आधी फावडं हातात घ्यायचं आणि हौदा उकरायचा. तेल, ताक, लिंबू, हळद पिऊन मुरलेली ती लाल माती वरखाली करतानाच अर्धा घाम निघायचा. मग जोर, बैठका, सपाट्या. मग जोड. जोडीदार ठरलेला, वेळ ठरलेली, कडेला बसलेला वस्ताद ठरलेला. मग खुराक. बदाम वाटायला पुन्हा मनगटच. दुपारी झोप, आणि संध्याकाळी तेच.

‘आज मूड कसा आहे?’ असं यात कुठे कुणी विचारलं?

विचारायची सोयच ठेवली नव्हती. तालमीची हुशारी इथं आहे. रोज सकाळी नव्यानं ठरवायला लागलं, तर माणूस चौथ्या दिवशी हरतो. म्हणून तालमीनं ठरवण्याचं कामच पोराकडून काढून घेतलं. जागा, वेळ, सोबत आणि बघणारा डोळा, एवढं पक्कं केलं की पाय आपोआप तिकडे वळतात. मन नाखुशीनं का होईना, मागून येतं.

आता उलटं चाललंय. आधी मन तयार करायचं, मग अंग. डोळे मिटा, गळ्यात पदक आहे असं बघा, राष्ट्रगीत ऐका. पोरं डोळे मिटतात, पदक बघतात, आणि समाधानानं पुन्हा झोपतात.

हे मी चिडून बोलत नाही. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं हेच तपासलं. यशाची नुसती गोड चित्रं रंगवणाऱ्याची उमेद वाढत नाही, उतरते. अंगाला वाटतं, पोचलोच की! चित्र बघून झाल्यावर ‘मध्ये आडवं काय येणार’ हेही जो बघतो, आणि ते आलं तर काय करायचं हे ठरवून ठेवतो, तो पुढे सरकतो.

म्हणजे आशा हवीच. पण तिच्यासोबत अडचणींची यादीही हवी. ती यादी करायला कुठल्या शिबिरात शिकवतात?

स्वप्नील कुसाळेचं बघा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. 1 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिकमधली 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. त्या सकाळी तो काय खाऊन गेला? काहीच नाही. पोटात कालवाकालव, म्हणून नुसता कोरा चहा. काळीज धडधडत होतं, हे त्यानंच नंतर सांगितलं.

यात ‘सकारात्मक मानसिकता’ कुठे दिसते का?

गुडघ्यावरची नेमबाजी संपली तेव्हा तो सहावा होता. झोपून झाली तेव्हा पाचवा. उभ्यानं नेम धरायची वेळ आली आणि तो तिसरा झाला. 451.4 गुण, कांस्यपदक. श्वास आवरला आणि वेगळं काही केलं नाही, एवढंच त्याचं स्पष्टीकरण. भीती गेली नव्हती. भीतीतही हात रोजचंच काम करत होता.

आणि ते रोजचं काम किती वर्षांचं? 2009 साली वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. सुरुवातीचं वर्ष नुसत्या शारीरिक कसरतीचं, रायफल नंतर. मग रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी, मग 2022 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन देशाला मिळवून दिलेली ऑलिंपिकची जागा. पहिल्या दिवसापासून पदकापर्यंत 15 वर्षं.

मिरवणूक एका दिवसाची. फलक आठवड्याचे. पेठेतल्या किती घरांत त्या 15 वर्षांवर बोलणं झालं?

वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात त्याआधी आलं होतं ते 1952 साली, हेलसिंकीहून. मध्ये 72 वर्षं. तेही कोल्हापूरच्या मातीत घोटलेल्या माणसानं आणलं. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकले इथल्या राजाराम कॉलेजात.

खाशाबांची गोष्ट सांगताना आपण 1952 वर उडी मारतो. मला 1948 महत्त्वाचं वाटतं. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडनला गेले. अंग लाल मातीत मुरलेलं, आणि तिथं समोर मॅट. सहावे आले. गावाकडे तोंड लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण अंगावर मिरवण्यासारखंही त्यांना काही वाटलं नसावं, कारण पुढची चार वर्षं ते मेहनत करत राहिले. वजनगट वाढवला आणि कांस्य आणलं.

त्या हेलसिंकीतही नशीब काही पायघड्या घालून उभं नव्हतं. जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली, ते हरले, आणि विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. मधली विश्रांती नियमातच होती. पण ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता.

पैलवान शिस्तीत. अधिकारी कुठे होते?

आता दुसरा माणूस. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. व्यायामाची सवय पोराला लावायची असेल तर तिच्याभोवती मोठ्यांनाही काही सवयी लावून घ्याव्या लागतात. वेळेवर हजर राहण्याची, खिशात हात घालण्याची, फोटोत मागे उभं राहण्याची.

शेवटची सगळ्यात अवघड.

मग पेठेकडे वळू. खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ. या संघांची नावं घेतली तरी शाहू स्टेडियमचा कल्ला कानात येतो. फुटबॉलवर या गावाचं प्रेम खरं आहे. नोकरी-धंदा बाजूला ठेवून माणसं सामन्याला जातात, लहान पोराला खांद्यावर घेऊन जातात. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावात गल्लीच्या संघासाठी असं होतं? मला हे गाव याच कारणासाठी आवडतं.

पण तालमीच्या नावाची जर्सी घालून ओरडणारे किती, आणि त्याच जर्सीत रोज सकाळी पळणारे किती?

आणि सामन्यात हरल्यावर समर्थक एकमेकांवर धावून जातात, तेव्हा कुठली शिस्त आपण मैदानातल्या पोराला शिकवत असतो? अकरा जणांनी संयम ठेवायचा आणि हजारोंनी सोडायचा?

गावातल्या अनेक तालमींचं काय झालं, हेही उघड बोलू. इमारत वाढली, हौदा आक्रसला. कुठं त्याच्यावर फरशी आली, कुठं कार्यालय. गणपती, शिवजयंती, निवडणूक हे सगळं तालमीच्या नावानं जोरात चालतं. ते चालू दे. पण पहाटे दार कोण उघडतं?

गांधी मैदान पेठेच्या मधोमध. पावसाळ्यात पाणी, एरवी कधी सभा, कधी सोहळा. वर्षातले सलग 66 दिवस ते पोरांना खेळायला मोकळं मिळालं, तर लॅलीबाईंचा प्रयोग आपल्यालाही करता येईल.

मिळतात का?

नाही मिळालं की पोरं निघून जातात. अनिकेत जाधव याच गावचा. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याच्या आधी त्याला घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहावं लागलं. फुटबॉलवेड्या गावाच्या पोराला फुटबॉलसाठी गाव सोडावं लागतं, यावर पेठेनं एकदा तरी बैठक घ्यावी.

जे गाव सोडत नाहीत, त्यांच्यातले काही शॉर्टकट शोधतात. रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णासाठी असलेलं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन जिमच्या पोरांना विकणारे पकडल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रातूनच आल्या. ते टोचलं की थकवा कळत नाही म्हणे. थकवा कळायलाच हवा! वस्ताद कडेला बसून तेच तर बघायचा. कुणाला थांबवायचं, कुणाला आणखी दहा बैठका मारायला लावायच्या.

21 दिवसांचं आश्वासन आणि सुई, दोन्ही एकाच घाईची पोरं. आणि ती घाई पोरांच्या डोक्यात आधी आपण भरली. दहावीत असताना ‘कधी सिलेक्शन होणार?’ विचारणारे आपणच.

पुन्हा अंग आणि मनाकडे येऊ. पृथ्वीराज पाटीलनं 2022 साली साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, तेव्हा कोल्हापूर 2000 सालच्या विनोद चौगुलेनंतर पहिल्यांदा त्या गदेला हात लावत होतं. अंतिम कुस्तीत तो मागे पडला होता. तिथून 5-4. मागे पडल्यावर त्याच्या मनात कोणते सुविचार आले, मला माहीत नाही. अंगात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

जुन्या तालमीची आरती मात्र मी ओवाळणार नाही. तिथं मारही होता, शाळा सुटायची, दुखापत झाली की मालिश हाच डॉक्टर. ते गेलं ते बरं झालं. आणि एक मोठा दोष अजून तसाच आहे. अर्ध्या पेठेला, म्हणजे पोरींना, त्या दारातून आत जाता येत नाही.

तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण जिंकलं. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, नेमबाजीत असं करणारी ती पहिली भारतीय महिला. दोघी कोल्हापूरच्या. रायफल आणि पिस्तुलाला बाई-पुरुष कळत नाही, म्हणून त्यांना वाट सापडली. ज्यांना कुस्ती खेळायची आहे, फुटबॉल खेळायचा आहे, त्या पेठेतल्या पोरींनी पहाटे जायचं कुठं?

तालमीच्या दारावर वेळापत्रकाची पाटी असते. तिच्यावर ‘मुली : सकाळी 5 ते 7’ एवढं रंगवायला रंगाऱ्याचा अर्धा तास लागतो. आत एक वस्ताद, एक बाई प्रशिक्षक, आणि वर्षभर न चुकता उघडणारं कुलूप. पेठेत एवढी मंडळं आहेत, एवढे अध्यक्ष आहेत. किल्ली कोण घेणार?